गवताची यादी

माझी उमर गवतात गेली. एका सरदारांच्या पागेत मी कारकून आहे. कुरणांतून आलेले गवत उतरवून घ्यायचे, ओले-वाळले पाहायचे, गंजी रचून घ्यायच्या आणि कोणत्या घोड्याच्या थानावर किती पेंढ्या गेल्या ते टिपून ठेवायचे. टिपून ठेवण्याची सवय पुढे घरातही आली. लोणच्याच्या बरण्या, पाहुण्यांचे येणे-जाणे, देवघरातली उपकरणी, सगळ्याच्या याद्या माझ्यापाशी असतात. शनिवार पेठेत आमच्या आळीत म्हणायचे, ‘याच्या घरी चोर आला तर आधी काय काय नेतोस ते सांगून जा, म्हणेल.’ म्हणोत. यादी असली की माणूस गोंधळत नाही, असे मला तेव्हा वाटत असे.

संगमावरच्या इंग्रजांच्या छावणीत एक डॉक्टर होता. त्याला झाडपाल्याचा नाद. आषाढात त्याने आमच्या सरदारांकडे निरोप धाडला, की गवताची जाण असलेला एखादा माणूस दोन महिने द्यावा. सरदारांनी मला दिले. एखादा घोडा उसना द्यावा तसे. सकाळची कामे उरकून मी नावेने नदी ओलांडत असे आणि डॉक्टरच्या बंगल्याच्या पडवीत जाऊन बसत असे.

डॉक्टर हिंदुस्थानी चांगली बोले, मराठी मोडकी. वयाने माझ्याएवढाच, लाल तोंडाचा, सरळ माणूस. पहिल्याच दिवशी त्याने मला आपला शब्द सांगितला, ‘ग्रास’. आपल्या तोंडातल्या ग्रासाशी त्याचा काही संबंध नाही, हेही सांगून टाकले. म्हणाला, ‘या एका शब्दात जेवढे बसते तेवढे सगळे मला नावानिशी हवे.’

मी पहिल्या बैठकीतच कागदाचा बंद काढून बसलो. हरळी, दूर्वा, मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी, मोळ, वाळा, रोशा, दर्भ. खडकीच्या माळावर कोणते येते, नदीकाठी कोणते, कोणते घोडा खातो आणि कोणते नुसते छपराला. वीसेक नावे झाल्यावर मी बोरू ठेवला. डॉक्टरने विचारले, ‘ऊस?’

‘ऊस हा ऊस आहे,’ मी म्हणालो.

‘ग्रास. वेळू?’

‘वेळूची शिडी करतात साहेब. गवताच्या शिडीवर कोण चढेल?’

‘तोही ग्रास. आणि तुमची जोंधळ्याची भाकरी, तीही ग्रासाचीच.’

‘मग आम्ही पागेतल्या जनावरांना उगीच वेगळे थान दिले,’ मी म्हणालो. डॉक्टर हसला आणि माझ्या हातातल्या बोरूकडे बोट दाखवले. तोही त्यांच्यातलाच निघाला. मी वीस वर्षे गवताची यादी गवताने लिहीत होतो.

त्या शब्दाचे कूळ त्याने एका दुपारी समजावून सांगितले. त्यांच्या भाषेत वाढणे, हिरवे आणि गवत हे तिन्ही शब्द एका जुन्या मुळातून आले म्हणे. त्यांच्याकडे अर्धे वर्ष जमीन गोठलेली असते. जे पहिल्यांदा वर येते आणि हिरवे दिसते ते गवत. मी आमच्या शास्त्र्यांना आमच्या शब्दाचे विचारले. त्यांच्या मते गवताचे नाते गाईशी, गाईने खायचे ते गवत. म्हणजे इंग्रजांच्या शब्दाने जमिनीकडे पाहिले आणि आमच्या शब्दाने गोठ्याकडे. मी दोन्ही टिपून घेतले.

पण त्या शब्दाचे अर्थ तेवढ्यावर थांबत नव्हते. बंगल्यापुढे डॉक्टरने हरळीचा एक चौकोन राखला होता. त्यात जनावर सोडायचे नाही, कापून कुणाला घालायचे नाही, संध्याकाळी त्यावरून नुसते चालायचे. तो चौकोनही ग्रास. घोडा म्हातारा झाला की त्यांच्या देशात त्याला गवतावर धाडतात, म्हणजे खोगीर कायमचे उतरवतात आणि मोकळा सोडतात. कामावरून दूर केलेल्या माणसालाही थट्टेने तेच म्हणतात. शेवटी एक अर्थ त्याने जरा थांबून सांगितला. मेलेल्या माणसाला ते पुरतात, वर गवत उगवते. म्हणून अमका आता गवताखाली आहे, असे बोलतात. त्याचे दोन भाऊ असे गवताखाली होते.

‘तुमच्याकडे असे काही म्हणत नाहीत?’ त्याने विचारले.

‘आम्ही जाळतो,’ मी म्हणालो. ‘खाली काही राहत नाही.’ त्या दिवशी मी विषय तिथेच सोडला. सोडण्याला कारण होते, आणि ते माझ्या घरात होते.

माझी धाकटी बहीण माझ्याकडे राहत असे. तिचा नवरा लोणी काळभोरचा. तो एका पथकाबरोबर कारकून म्हणून उत्तरेकडे, हिंदुस्थानात गेला, तेव्हा बहीण वीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हते. नर्मदेपलीकडून त्याचे एक पत्र आले: इथले गवत संपले, उद्या पुढे कूच आहे, प्रकृती बरी. त्यानंतर काही नाही. त्या पथकातले लोक परत आले ते एकेक वेगळी हकीकत सांगत. कुणी म्हणे तापाने गेला, कुणी म्हणे दुसऱ्या सरदाराकडे चाकरीला राहिला. पाहिलेले कुणीच नव्हते. बहीण रोज सकाळी कुंकू लावी, हळदीकुंकवाला जाई, वटपौर्णिमेचा उपास धरी. तिला कुणी काही विचारीत नसे.

त्या श्रावणात तिचा धाकटा दीर लोणीहून आला. पंचविशीचा, शेतावर राबणारा, बोलायला सरळ. बहीण देवळात गेली होती. तो माझ्यापुढे बसला आणि जमिनीकडे बघत बोलला.

‘आपल्याला ठाऊकच आहे, यंदा बारा वर्षं पुरी होतात.’

‘ठाऊक आहे.’

‘आईनं अंथरूण धरलंय. ती म्हणते, माझ्याआधी त्याला वाट लावा. मी गेल्यावर त्याला पाणी द्यायची आठवण कुणाला राहायची? रोज तेच म्हणते.’ मग वर पाहून म्हणाला, ‘वहिनींना मी कुठल्या तोंडानं सांगू? आपण सांगा.’

ज्याची बारा वर्षे खबर नाही, त्याचा आमच्यात पुतळा करतात. काही घराण्यांत पळसाच्या देठांचा करतात, लोणीकरांच्या भटजींनी दर्भाचा सांगितला होता. त्याला माणूस समजून अग्नी द्यायचा, मग दिवस करायचे, आणि तिथून पुढे तो पितरांत गेला. त्याची बायको विधवा झाली. कुंकू, बांगड्या, केस, सगळे त्या एका दिवसात. तिशी नुकती ओलांडलेली माझी बहीण विधवेचे तांबडे आलवण नेसून माजघरात बसणार, एवढा त्या निरोपाचा अर्थ होता. आणि दुसऱ्या बाजूला एक म्हातारी आई होती. तिची इच्छाही वावगी नव्हती.

‘सांगतो,’ मी म्हणालो. तो गेला. आणि मी काय केले? बहिणीला सांगितले नाही. बोरू घेतला आणि त्या विधीला लागणाऱ्या सामानाची यादी करून ठेवली. नारळ, लोकर, जवाचे पीठ, तूप, तीळ, दर्भ. करायचे ठरले तर ऐन वेळी धावपळ नको, असा विचार केला. यादी दप्तराच्या रुमालात बांधली आणि सांगायचे ते उद्यावर टाकले. असे आठ-दहा उद्या झाले.

श्रावणी अमावास्येला मी नेहमीप्रमाणे नदीकाठी जाऊन दर्भ उपटून आणला. त्या दिवशी स्नान करून, मंत्र म्हणून उपटलेला दर्भ वर्षभर चालतो. एरवीचा लवकर शिळा होतो. दुसऱ्या दिवशी त्यातली एक जुडी डॉक्टरकडे नेली. यादीत दर्भाचे नाव होते, नमुना नव्हता.

डॉक्टरने पाते हातात घेऊन धार पाहिली. ‘याचा उपयोग?’

मी सांगू लागलो. पूजेला बोटात पवित्रक, बसायला आसन, ग्रहणात अन्नपाण्यावर ठेवायला, श्राद्धात पितरांची जागा म्हणून. तो लिहीत होता. ‘आणि?’ मी पुतळ्याचे सांगितले. यादीत एक उपयोग गाळला तर यादी खोटी, एवढेच तेव्हा डोक्यात होते.

त्याने लेखणी थांबवली. ‘गवताचा माणूस? कसा करतात?’

मी तोंडाने सांगून पाहिले. त्याला उमजेना. मग मी जुडीतली पाती काढली आणि वीतभर लांबीचा एक करून दाखवला. डोके दुमडून घ्यायचे, मानेला गाठ, दोन्ही हात, कमरेला गाठ, पाय. सहा गाठी. भटजींना करताना मी पाहिले होते आणि माझे हात नीटनेटके आहेत. चांगला झाला. डॉक्टरने तो उचलून उजेडात धरला आणि ठेवून घेऊ का, म्हणून विचारले.  असली वस्तू परक्याच्या कपाटात ठेवता येत नाही. वाटेत टाकताही येत नाही, लोकांच्या पायाखाली येईल. मी ती परत घेतली, कागदांत ठेवली आणि रुमाल बांधून घरी आलो. भाद्रपद लागला होता. पागेचे काम वाढले होते. मी विसरलो.

पावसाळ्यात माझ्या कागदांना दमट वास येई. ऊन पडले की बहीण माझे रुमाल सोडून आतले कागदाचे बंद माडीवर वाळत घाली. हे काम तिने पहिल्या वर्षापासून आपणहून घेतले होते. तिला वाचता येत नसे, पण कुठला बंद कुठल्या रुमालातला हे ती कधी चुकली नाही. त्या दिवशी मी दुपारी पागेतून आलो तर ती माडीवर कागदांच्या मध्ये बसलेली. पुढ्यात तो पुतळा.

‘हा तू केलास दादा?’

‘हो. पण तो...’

‘कधी ठरलं?’

‘काही ठरलं नाही. नमुना आहे तो. साहेबाच्या यादीसाठी केला.’

 तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, ‘यादीत माझा नवरा कितवा रे?’

मी खाली बसलो. मग सगळे सांगितले: तिचा दीर आला होता, सासूबाईंचे काय म्हणणे आहे, मी काय कबूल केले आणि काय केले नाही. सामानाची यादी करून ठेवली आहे हेही सांगितले. नसते सांगितले तर तिला कळले नसते, तिला वाचता येत नव्हते. पण ती यादी तिथेच समोर उन्हात वाळत होती.

‘म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मला सोडून सगळ्याला विचारलंत,’ ती म्हणाली. ‘साहेबालासुद्धा.’

 

आता त्या पुतळ्याचे काय करायचे? जाळावा तर अग्नी दिल्यासारखे. ठेवावा तर घरात प्रेत ठेवल्यासारखे. मी आमच्या भटजींकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि कपाळाला हात लावला.

‘अहो कारकून, इतकी वर्षं गवत पाहिलंत, कुठलं हातात घेऊन खेळायचं आणि कुठलं नाही, एवढं कळलं नाही? नाव घेतलंत का कुणाचं?’

‘नाही.’

‘मंत्र?’

‘नाही.’

‘मग ते गवतच आहे. गाठी सोडा आणि नदीत सोडून द्या. आणि ज्याच्या मनाला लागलं असेल त्यानं सोडाव्या.’

बहिणीने गाठी सोडल्या. मी घट्ट मारल्या होत्या, तिला वेळ लागला. मानेची गाठ सुटेना तेव्हा मी हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला. सगळी पाती सरळ करून तिने पदरात घेतली आणि घाटावर जाऊन पाण्यात सोडली. परत आल्यावर पाय धुता धुता म्हणाली, ‘लोणीला जायला गाडी सांग. मी बोलते त्यांच्याशी.’

दुसऱ्या दिवशी मी संगमावर गेलो आणि डॉक्टरला तो उपयोग यादीतून काढून टाकायला सांगितले. तो म्हणाला, ‘मग यादी अपुरी राहील.’ मी म्हणालो, ‘राहू दे.’ त्याने कारण विचारले. मी म्हणालो, ‘घरचे आहे.’ त्याने ती ओळ माझ्यासमोर खोडली. पुढे तिथे माझे जाणे कमी झाले आणि काम संपले.

लोणीला आम्ही पहाटे निघून उन्हाच्या आत पोचलो. सासूबाई पडवीत घोंगडीवर पडून होत्या. अंगाची काडी झाली होती, पण नजर शाबूत होती. त्यांनी सुनेला जवळ बसवून घेतले, आणि सगळ्यात आधी तिच्या कपाळाकडे पाहिले. दीर उंबऱ्यात उभा होता. मी खांबापाशी.

‘सांगितलं का तुला?’ म्हातारीने विचारले.

‘सांगितलं.’

‘रागावलीस?’

‘तुमच्यावर नाही.’

 मग जे आम्ही कुणी बारा वर्षांत विचारले नव्हते ते म्हातारीने विचारले. ‘तुला काय वाटतं गं? आहे तो?’

‘रोज एक वाटत नाही,’ बहीण म्हणाली. ‘सकाळी कुंकू लावताना आहेत असं वाटतं. जेवायला बसलं की वाटत नाही.’

‘मला उलटं,’ म्हातारी म्हणाली. ‘पानावर बसलं की वाटतं, येईल आत्ता. हात धुऊन उठेपर्यंत वाटतं.’

दोघी बोलत राहिल्या. तो खाण्यात किती चोखंदळ होता, कुठल्या भाजीला नाक मुरडी, निघताना काय विसरला होता. बहीण हसली. तिला नवऱ्याविषयी बोलताना मी बारा वर्षांत ऐकले नव्हते. माझ्या घरी ते तिला कुणी बोलू दिले नव्हते, असे मला तेव्हा कळले. गाडी जुंपायची वेळ झाली तेव्हा म्हातारीने मुलाला हाक मारली.

‘ते पुतळ्याचं राहू दे.’

‘आई, तूच तर रोज...’

‘मी म्हणाले आणि मीच सांगते, राहू दे. मी जातेच आहे. वर जाऊन बघते. असला तिथं तर माझ्या हातचं पाणी घेईल. नसला तर हिचं कुंकू खरं.’ मग सुनेकडे वळून म्हणाली, ‘पुढं तू ठरव. तुझ्याशिवाय कुणी ठरवायचं नाही.’ हे मुलाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, आणि मलाही.

बहीण त्या दिवशी परत आली नाही. सासूबाईंपाशी राहिली. त्यांचे अंथरूण, औषध, अन्नपाणी सगळे तिने केले. म्हातारी मार्गशीर्षात गेली. दिवस झाले, बहीण पुण्याला आली. कुंकू तसेच होते. आळीत कुजबूज झाली. एका बाईने हळदीकुंकवाचे बोलावणे आमच्या दाराला वगळून केले. माझ्या बायकोने त्या बाईला पाणवठ्यावर असे काही ऐकवले, की पुढल्या वेळी बोलावणे सगळ्यांच्या आधी आमच्याकडे आले. मी कुणाला काही म्हणालो नाही आणि बहिणीला काही विचारले नाही. माझ्या दृष्टीने हे सोपे नव्हते. अर्धवट राहिलेली गोष्ट मला झोपू देत नाही.

सव्वा वर्ष गेले. फाल्गुनातल्या एका सकाळी मी पागेत जायला निघालो होतो. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘दादा, भावजींना निरोप धाड. करून टाकू.’

मी पागोटे काढून ठेवले. ‘कुणी काही बोललं का?’

‘नाही.’

‘मग घाई काय?’

‘सासूबाई होत्या तोवर वाट बघायला दोघी होतो. आता मला एकटीला उचलत नाही.’ तिने सूप झटकले. ‘आणि सामानाची यादी काढू नकोस. मी आणते सगळं.’

तिने सगळे आणले. एकही वस्तू कमी नव्हती. आमच्या ओसरीवर भटजी बसले, शेजारी तिचा दीर. मी अमावास्येच्या दर्भाच्या जुड्या आणून ठेवल्या. भटजींनी विचारले, ‘मनुष्य उंचीला केवढा होता?’

दिराने उभे राहून हात डोक्यावर नेला, स्वतःपेक्षा वीतभर उंच. भटजींनी माझ्याकडे पाहिले. मला आठवेना. बारीक होता, गोरा होता, अक्षर चांगले होते. उंची मी कधी पाहिली नव्हती.

बहीण आतून आली. अजून कुंकू होते. खांबापाशी पाठ टेकून सरळ उभी राहिली.

‘भावजी, इतके नव्हते ते. तुम्ही लहान होतात म्हणून वाटतं.’ तिने हात वर करून खांबावर टेकवला, आपल्या डोक्यापेक्षा चार बोटे वर. मग जरा विचार करून दोन बोटे खाली आणला. ‘इथवर.’

भटजींनी दोरी घेतली, एक टोक जमिनीला धरले आणि दुसरे तिच्या हाताशी नेले. दोरीला गाठ मारून झाली तरी तिने हात काढला नाही. आम्ही तिघे थांबलो. मग तिने हात काढला आणि आत गेली, आणि मी जुड्या सोडायला घेतल्या.